मार्गारेटबाई आणि विल्सनसाहेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने मला दिवाळीआधीच सांगितलं होतं. "काका, बँकेतले गमतीदार अनुभव लिहा," असा एकीचा आग्रह होता. दुसऱ्याचं म्हणणं, "आपल्या जुन्नर-आंबेगावचा इतिहास लिहा, पण शिवनेरी सोडून. शिवनेरीवर तीन लेख आलेत." मी दोघांचंही थोडं थोडं ऐकलं आहे. लेख सुरू जुन्नरला होतो, पण लगेच घाट उतरून मुंबईला जातो. आपल्या तालुक्यांतली निम्मी घरं अशीच घाट उतरून मुंबईला गेलेली आहेत, तेव्हा वाचकांना ते परकं वाटू नये.

विषय सांगितला तेव्हा मीटिंगमध्ये थोडी कुजबुज झाली, हे आधीच सांगून टाकतो. दोन स्कॉटिश मिशनरी नवरा-बायकोंवर लिहिणार म्हटल्यावर एक सभासद म्हणाले, "धर्म बदलायला आलेल्यांचं कौतुक आपल्या स्मरणिकेत कशाला?" प्रश्न वावगा नाही. मी त्यांना म्हटलं, लेख वाचा, मग चहाला या. त्यांनी चहाचं कबूल केलं आहे.

आता जुन्नर. आपल्याकडच्या लेण्या आपण गणपतीच्या निमित्ताने पाहतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो, गिरिजात्मजाचं दर्शन घेतो आणि खाली येऊन उसाचा रस पितो. पण जुन्नरभोवतालच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात मिळून दीडशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, असं एका ठिकाणी आहे. दुसऱ्या ठिकाणी बुरुडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवून तिचं दरमहा उत्पन्न लावून दिलं आहे. अडतीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा. आमच्या मुदत ठेवीच्या पावत्या वीस-पंचवीस वर्षांत पिवळ्या पडतात. ही पावती दगडावर आहे आणि पावणेदोन-दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते.

त्या दानशूरांत तीन यवन आहेत. इरिल, चिट आणि चंद. म्हणजे समुद्रापलीकडून आलेले किंवा त्यांच्या वंशातले लोक. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनगृह दिलं. नाणेघाटाने माल चढायचा आणि उतरायचा, त्याच वाटेने माणसंही येत, त्यांचे देव आणि विचारही येत. ज्या भिक्षूंसाठी ही लेणी खोदली तेही एका अर्थी धर्मप्रचारकच. तेव्हा परमुलखातून धर्म घेऊन आलेला माणूस आपल्या डोंगरांना नवा नाही.

या लेण्यांची नीट मोजदाद करून ती पुस्तकात आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये एक नाव डॉ. जॉन विल्सन यांचं आहे. १८४८ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पुढाकाराने पश्चिम भारतातल्या लेण्यांसाठी जी समिती नेमली गेली तिचे ते प्रमुख, आणि १८५० मध्ये लेण्यांवरचा त्यांचा मोठा निबंध छापून आला. त्यात जुन्नर आहे. हे मला कळलं ते वयाची साठी उलटल्यावर. वास्तविक याच विल्सनच्या नावाच्या कॉलेजात मी चार वर्षं काढली होती.

माझे वडील मुंबईत डबेवाले होते. हे मी पूर्वी लोकांना सांगायला संकोचायचो, आता अभिमानाने सांगतो, कारण आता डबेवाल्यांवर पुस्तकं निघतात. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ इथलीच ती सगळी माणसं. वडिलांची लाईन चर्नी रोडची. मी मॅट्रिक झालो तेव्हा १९६७ साली त्यांनी मला मुंबईला नेलं. चौपाटीसमोरच्या त्या दगडी इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथल्या तीन प्रोफेसरांचा डबा माझ्याकडं आहे. तू इथंच शिक." कॉलेज कोणतं निवडावं याचं याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो. चार वर्षं त्या जिन्यावरून वर-खाली केलं. विल्सन हा कुणीतरी गोरा साहेब, गव्हर्नर वगैरे असावा, अशी माझी समजूत होती. कुणाला विचारलंही नाही. भूक लागलेली असायची आणि परीक्षा जवळ आलेली असायची.

पुढे निवृत्तीनंतर काही महिने मुलीकडे मुंबईत राहायला होतो. नातीला गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेत सोडायचं काम माझ्याकडे. एक दिवस तिने शाळेचा प्रोजेक्ट पुढ्यात टाकला आणि विचारलं, "आजोबा, मार्गारेट विल्सन कोण? तुमच्या कॉलेजवाल्या विल्सनची कोण?" मला उत्तर देता येईना. नातीसमोर उत्तर देता न येणं हे आजोबांच्या दृष्टीने फार वाईट. मग शोधायला लागलो. विल्सनसाहेबांनी स्वतः बायकोचं चरित्र लिहिलेलं आहे, १८३८ चं. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेलं विल्सनचं जाडजूड चरित्र आहे, १८७८ चं. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबच लांब, पण सवड भरपूर होती.

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ चा, स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचा. शेतकऱ्याचं घर. एडिंबरो विद्यापीठात शिक्षण. मार्गारेट बेन ही ग्रीनॉक बंदरातल्या पाद्र्याची मुलगी, जन्म १७९५ चा. म्हणजे नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आपल्याकडे आजही यावर चर्चा होईल. त्यांचं लग्न १८२८ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि त्याच महिनाअखेरीस दोघं जहाजावर चढली. मुंबईला पोचली १८२९ च्या फेब्रुवारीत. साडेपाच महिने पाण्यावर. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस वर्षं होती, म्हणजे सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून. परत जायचं ठरवून कुणी असा प्रवास करत नसे.

पेशवाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुंबईत सर जॉन माल्कम गव्हर्नर होते. त्याच सुमारास आपल्या नाणेघाटात कर्नल साइक्स शिलालेखांची अक्षरं उतरवून घेत होते. ती अक्षरं तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती.

मुंबईत उतरल्यावर हे जोडपं कोकणात गेलं, बाणकोट-हर्णैला. स्कॉटिश मिशनचं काम त्या पट्ट्यात १८२३ पासून चालू होतं. कशासाठी गेले? मराठी शिकायला. हे मला फार आवडलं. आमच्या बँकेत परप्रांतातून बदलून आलेले अधिकारी तीन वर्षं घोडेगावात राहूनही "कितना पैसा, मावशी?" याच्या पुढे सरकले नव्हते. विल्सन सहा-सात महिन्यांत मराठीतून बोलू लागले, आणि मार्गारेटबाईही मागे नव्हत्या. नवऱ्याने शिकावं आणि बायकोने बंगला सांभाळावा, असं नव्हतं. दोघंही पंडित ठेवून शिकत होती. १८२९ च्या नोव्हेंबरअखेरीस ती मुंबईला परतली आणि डिसेंबरात मार्गारेटबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. देशात पाय ठेवून अजून वर्ष झालं नव्हतं!

इथे थोडा हिशेब स्वच्छ ठेवतो. मुंबईतली मुलींची पहिली शाळा ही नव्हे. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच तशी शाळा काढली होती. पहिलं कोण या वादात मला रस नाही. पहिलं कोण याच्यापेक्षा टिकलं कोण हे बघावं, असं आमचे एक जुने मॅनेजर कर्ज मंजूर करताना म्हणत.

त्या काळात मुलींची शाळा काढायची म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. इमारत सोडा, ती भाड्याने मिळेल. शिक्षक कुठून आणणार? शिकलेली बाईच नाही, तर शिक्षिका कुठली? मग पंतोजी ठेवायचे, पुरुष. आणि बाप्या माणसासमोर मुलीला बसवायला आई-बाप तयार नाहीत. शिवाय समजूत अशी की मुलीने अक्षर गिरवलं तर नवरा मरतो. सात-आठ वर्षांची पोर शाळेत यायला लागायची आणि लग्न झालं की बंद. आज आली ती महिन्याने येईलच असं नाही. मार्गारेटबाई घरोघर जायच्या, आयांशी मराठीत बोलायच्या. थोड्याच महिन्यांत शाळा एकीच्या अर्धा डझन झाल्या. गरीब, निराधार मुलींना ठेवून घेऊन शिकवण्याचीही सोय त्यांनी केली. सेंट कोलंबा शाळा आपली सुरुवात १८३२ पासून आणि मार्गारेटबाईंपासून मोजते. त्याच वर्षी, मार्च १८३२ मध्ये, विल्सनसाहेबांनी गिरगावातल्या आंब्रोळी नावाच्या घरात मुलग्यांची इंग्रजी शाळा काढली. तीच वाढत वाढत पुढे विल्सन कॉलेज झाली. त्याच १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं होतं. एका वर्षात काय काय सुरू झालं पाहा.

नवरा दौऱ्यावर गेला की शाळांची देखरेख, मास्तरांचे पगार, पत्रव्यवहार हे सगळं बाईंकडे. 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' नावाचं मासिक विल्सननी १८३० मध्ये काढलं, त्यातही त्या लिहायच्या. आणि हे सगळं करताना बाळंतपणं चालू होती. मुंबईचा उन्हाळा, पटकीची साथ, ताप. त्यांची तान्ही मुलं इथेच गेली. अँड्र्यू नावाचा मुलगा जगला, त्याला लहानपणीच स्कॉटलंडला धाडून दिलं. त्या काळचे गोरे आई-बाप असंच करत. इथे ठेवलं तर मूल जगेल याची खात्री नाही, आणि तिकडे पाठवलं तर पुन्हा दिसेल याची नाही.

१८३५ च्या सुरुवातीला विल्सनसाहेब गुजरात-काठेवाडच्या लांबच्या दौऱ्यावर गेले. मार्चमध्ये गिरनारच्या पायथ्याशी त्यांनी एक प्रचंड शिळा पाहिली. तिच्यावर जुनी अक्षरं होती. या अक्षरांत काहीतरी मोठं आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांच्यासाठी उतरवून घेतलेली त्या लेखाची नक्कल पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली, आणि प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली तेव्हा ते अशोकाचे शासनलेख निघाले. याच उलगड्याच्या जोरावर आपल्या नाणेघाटातली आणि लेण्याद्रीवरची अक्षरं नंतर वाचता आली. विल्सनना यात काही मिळवायचं नव्हतं. अशोक बुद्धाचा, आणि हे ख्रिस्ताचे.

पण गिरनारची शिळा पाहिल्याला दीड महिनाही झाला नव्हता तोच, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. वय एकोणचाळीस. हिंदुस्थानात सहा वर्षं आणि दोन महिने.

दोन वर्षांनी, १८३७ मध्ये, त्यांच्या दोन धाकट्या बहिणी, अ‍ॅना आणि हे, मुंबईला आल्या. बहिणीने अर्धवट टाकलेल्या शाळा चालवायला. हे माझ्या बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बहीण मेली त्या गावात कोण जातं हो?" तिचं खरं आहे. आपल्याकडे अशा गावाचं पाणीसुद्धा वर्ज्य करतात. १८४६ मध्ये विल्सननी इझाबेला डेनिस्टन या बाईंशी दुसरं लग्न केलं. त्यांनीही मुलींच्या शाळांचं काम अंगावर घेतलं आणि १८६७ मध्ये त्याही इथेच गेल्या. एका नवऱ्याच्या नावाने कॉलेज उभं आहे. त्या नावाखाली किती बायकांचं आयुष्य गेलं, ते मोजायला मला साठीनंतरची सवड लागली.

आता ज्यांना चहाला बोलावलं आहे त्यांच्या प्रश्नाकडे येतो.

विल्सन धर्म बदलायलाच आले होते. यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांनीही लपवलं नाही. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा मुंबईत जाहीर वाद झाला, अनेक दिवस चालला, गर्दी लोटली. मोरभटांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक छापलं, विल्सननी त्याला उत्तर छापलं. ते उत्तर मी थोडं चाळलं. मला आवडलं नाही. आपल्या देवादिकांविषयी त्यात जी भाषा आहे ती वाचवत नाही. एवढा विद्वान माणूस, संस्कृत जाणणारा, पण समोरच्याच्या श्रद्धेत काही चांगलं असू शकेल हे मान्य करायला तयार नाही. पण दुसरीकडे हेही पाहा की समोरासमोर बसून, दोन्ही बाजूंचं छापून, लोकांच्या देखत वाद झाला. दगडफेक झाली नाही.

१८३९ मध्ये त्यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, ख्रिस्ती झाले. मुंबईत हलकल्लोळ. पारशी मंडळी कोर्टात गेली. मुलगा जाणता आहे, त्याला हवं तिथे जाऊ दे, असा निकाल लागला. पालकांनी धडाधड मुलं शाळेतून काढून घेतली, वर्ग ओस पडले. पुढे १८४३ मध्ये शेषाद्री बंधूंचं प्रकरण. थोरला नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपती अजाण होता, मिशनऱ्याच्या घरी राहिलेला. कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिला. पण घरी परतलेल्या पोराला जातीत घ्यायला कुणी तयार नाही! मिशनऱ्यांच्या घरी जेवला ना! तेव्हा बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या म्हणाले, त्यासाठी त्यांनी स्वतःवर बहिष्काराचं संकट ओढवून घेतलं. या प्रकरणात मला मिशनऱ्यांचा राग येतो, कारण अजाण पोराला घरापासून तोडणं मला पटत नाही. आणि त्याहून जास्त राग परत आलेल्या पोराला दार बंद करणाऱ्यांचा येतो. दोन्ही राग मी शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाने दुसरा कमी होत नाही.

याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत १८४१ पासून जोतीराव फुले शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण शाळेत जे मिळालं ते घेतलं, आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून तयार होण्यात अहमदनगरच्या मिशनच्या सिंथिया फरारबाईंचा हात होता. पुढे जोतीरावांचा सत्यशोधक विचार आपल्या ओतूर-जुन्नर भागात जोरात रुजला. तेव्हा गिरगाव, पुणे, नगर, ओतूर ही गावं तेव्हाही आपल्याला वाटतात तितकी लांब नव्हती.

विल्सनसाहेब पुढे आणखी चाळीस वर्षं जगले. त्यातला बराचसा भाग कामाचा आहे, पण मी भराभर सांगतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती ज्यांच्याकडे असेल त्यांनी उघडून पाहावी. मराठी भाषेवरचं त्यातलं सुरुवातीचं टिपण विल्सनचं आहे. पारशी धर्मावर १८४३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं आणि विल्सन पुढे त्याचे कुलगुरू झाले. १८६४ मध्ये प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टन मुंबईला आला तेव्हा गुलामगिरीतून सोडवलेली दोन आफ्रिकन पोरं विल्सनच्या शाळेत ठेवून गेला. त्यांतला चुमा पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेला आणि तो वारल्यावर त्याचा देह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. गिरगावात मराठी मुलांबरोबर बसलेलं पोर! मुलगा अँड्र्यू मोठा होऊन लेखक झाला, पुन्हा हिंदुस्थानात आला, हिमालयाच्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८७५ मध्ये निघालं. त्याच वर्षी १ डिसेंबरला विल्सनसाहेब मलबार हिलवरच्या आपल्या घरी वारले. सेहेचाळीस वर्षांत दोनदाच मायदेशी जाऊन आले होते. चौपाटीवरची ती दगडी इमारत १८८९ ची, म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही.

हे सगळं वाचत होतो तेव्हा माझी आई होती, मंचरला, आपल्याच सोसायटीत. जुन्या सभासदांना ती आठवत असेल. 'बी' विंगच्या पायरीवर संध्याकाळी बसलेली असायची. तिचं माहेर आंबेगाव, ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते. आज ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती मला गाडीने घेऊन जायला लावायची आणि काठावर उभी राहून बोटाने दाखवायची, हे आमचं खळं, हा पार, इथं शाळा. शाळेत भाऊ जायचे. ही त्यांचं दप्तर दारापर्यंत पोचवायची आणि परत यायची, कारण घरी गुरं होती, डोंगरात हिरडा गोळा करायचा होता.

१९८४ मध्ये मी घोडेगावच्या शाखेत अधिकारी होतो. वडिलांनी धंद्यातून अंग काढून घेतलं होतं, साठलेले पैसे दोघांच्या नावावर ठेवायला ते आईला घेऊन आले. वडिलांनी सही केली, वाकडी पण सही. आईसमोर शाईचं पॅड सरकवलं. आमच्या नियमाप्रमाणे अंगठा अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा असतो, पण मी तर पोटचा पोरगा. म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. ते सही करत असताना मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. रोज पन्नास-साठ बायकांचे अंगठे घेणारा मी, त्या दिवशी मला तो कागद पाहवेना. आईने अंगठा पदराला पुसला. शाई निघाली नाही. घरी जाताना एसटीत ती तो अंगठा मुठीत धरून बसली होती, असं वडिलांनी मला नंतर सांगितलं.

तर मी आईला मार्गारेटबाईंची गोष्ट सांगितली. तिला वाचता येत नसलं तरी तिच्याइतकं नीट ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. बाई कुठून आली, किती दिवस बोटीत होती, मराठी कशी शिकली, दारोदार कशी हिंडली, पोरींना कशी बसवायची, सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, आमच्या आंबेगावात आली असती तर बरं झालं असतं. तसं काही ती म्हणाली नाही. बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं,

"आन् तिचं पोरगं कुनी सांभाळलं रं?"

मी म्हटलं, विलायतेला पाठवलं, नातेवाइकांकडे.

"त्याला आय पुन्यांदा दिसली का?"

मी म्हटलं, नाही.

"दुसऱ्याच्या पोरी शिकवल्या न् आपला पोरगा धाडला," ती म्हणाली. आणि काठी टेकत आत गेली. ती रागाने बोलली की कळवळ्याने, हे मला तेव्हाही कळलं नाही. माझी मुलगी म्हणते, दोन्ही. असेल. आईने स्वतः मला मॅट्रिकनंतर मुंबईला धाडलं होतं, वर्षातून दोनदा भेट व्हायची, हे तिला त्या वेळी आठवत होतं का, तेही विचारायचं राहून गेलं. २०१६ मध्ये ती गेली.

नातीचा प्रोजेक्ट झाला. तिने त्यात मार्गारेटबाईंच्या चित्राशेजारी सावित्रीबाईंचं चित्र लावलं आणि खाली मराठीत चार ओळी लिहिल्या. वेलांटीच्या दोन चुका होत्या. मी दाखवल्या, तिने एकच दुरुस्त केली.

स्मरणिकेच्या निमित्ताने जुनी कागदपत्रं काढली तेव्हा सेक्रेटरींनी मला २००० सालची सभासद अर्जांची फाईल दाखवली. आमचा फ्लॅट मी आईसह दोघांच्या नावावर घेतला होता. तिच्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा आहे, शेजारी साक्षीदाराची सही. त्या फाईलमध्ये असे एकूण अकरा अंगठे मी मोजले. सगळे बायकांचे. गेल्या वार्षिक सभेच्या हजेरीपटावर एकही नाही. फाईल ऑफिसच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे, सुतळी जुनी झाली आहे, तेव्हा पाहणाऱ्यांनी जपून उघडावी.